कापसाच्या काडीने सांगायच्या आधी

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. ताई ६४ वर्षांच्या, मिस्टर अंबडच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत, दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचा सिटिझन झाला आणि लगेच आईवडिलांच्या ग्रीन कार्डची फाईल टाकली. मुंबईला इंटरव्ह्यू झाला. मुलाचा जन्म १९८९ चा, पण जन्मदाखला २००७ चा, पासपोर्टच्या वेळी उशिरा नोंद करून काढलेला. ऑफिसरने स्लिप हातात दिली, नातं दाखवायला डीएनए टेस्टचा विचार करा म्हणून. मुलगा म्हणतो, आई, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. पण मुलगा पोटचा नाही, थोरल्या दिरांचा आहे. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी आपला तिसरा मुलगा सव्वा महिन्याचा असताना ताईंच्या ओटीत घातला, कागद काही केला नाही. मुलगा जाऊबाईंना 'मोठी आई' म्हणतो आणि त्याला यातलं काही माहीत नाही. मिस्टरांचं म्हणणं, आमचं भावाभावांचं रक्त एकच, टेस्ट जुळेलच. एक एजंट म्हणतो, मावशी, जाऊबाईंना तुमच्या जागी पाठवू. ताई विचारतात, टेस्टला नाही म्हटलं तर चालतं का, आणि मी त्याची खरी आई नाही हे त्याला आता मशीन सांगणार का?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात 'टेस्ट' हा शब्द जवळपास प्रत्येक ओळीत आहे. 'त्याला सांगणं' मात्र एकदाच, तेही शेवटच्या पानाच्या समासात, जागा संपल्यावर उभं लिहिलेलं. मी खरं तर तिथूनच सुरू करणार होते, पण आधी एजंटाचं मिटवून टाकू.

जाऊबाईंना तुमच्या जागी उभं करायचं हे डोक्यातून आत्ताच्या आत्ता काढून टाका. हा माणूस एकतर ही पद्धत कशी चालते ते जाणत नाही किंवा जाणतो आणि तुमच्याकडून पैसे काढतोय. टेस्ट अशी होते: लॅब तुमचा मुलगा तिकडे निवडणार, आणि ती एएबीबी या संस्थेची मान्यता असलेलीच लागते. त्याचं सॅम्पल तिकडेच घेतलं जातं. तुमच्यासाठीचं किट लॅब थेट इकडच्या कॉन्सुलेटकडे पाठवते, ते तुमच्या घरी येत नाही, एजंटाच्या ऑफिसात तर नाहीच. मग ते सांगतील त्या ठिकाणी, ते सांगतील त्या दिवशी पासपोर्ट घेऊन जायचं, ओळख तपासणार, कापूस लावलेली काडी गालाच्या आतून फिरवणार, ती पाकिटात सील होऊन थेट लॅबला जाणार आणि रिझल्टही लॅबकडून थेट त्यांच्याकडेच. या सगळ्यात एजंटाने हात घालायची जागा कुठे आहे सांगा बरं. आणि समजा घातलाच, समजा जाऊबाईंना तुमचा पासपोर्ट देऊन नेलंच, तर ती सरळ सरळ तोतयेगिरी आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या कायद्यात महत्त्वाच्या गोष्टीवर जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध झालं की कायमची बंदी लागते, मग नातीच्या लग्नालाही जाता येत नाही. शिवाय त्या बाईंचा विचार करा ना. पोटचं पोर एकदा तुमच्या ओटीत घातलं, पस्तीस वर्षं 'मोठी आई' म्हणवून घेत तोंड शिवून बसल्या, आणि आता वयाच्या सत्तरीत त्यांना मुंबईला नेऊन दुसऱ्याच बाईचं नाव सांगायला लावायचं?

एजंट संपला. आता मिस्टरांचं 'रक्त एकच'.

भाऊ म्हणून दोघांचं बरंच सारखं असतं हे खरंय, पण टेस्ट असं ढोबळ रक्त बघत नाही. ती डीएनएवरच्या वीसेक ठरलेल्या जागा बघते. प्रत्येक जागेवर मुलाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा एका जागेवर मुलाचे १२ आणि १५ निघाले, तर त्यातला एक आईच्या दोन आकड्यांत सापडायला हवा आणि दुसरा बापाच्या. असं एकूण एक जागेवर. फार फार तर एखादी जागा निसर्गाच्या चुकीने हुकते, तेवढी लॅब धरून चालते. सख्खा काका बऱ्याच जागांवर जुळतो आणि बाकीच्या काही ठिकाणी गळतो. आईबाप म्हणून मान्य व्हायला ९९.५ टक्के संभाव्यता लागते, काका तिथवर पोचत नाही (थोरले दीर आणि तुमचे मिस्टर जुळे असते, एकसारखे दिसणारे, तर गोष्ट वेगळी, पण दोघांत सहा वर्षांचं अंतर आहे असं तुम्हीच लिहिलंय). मिस्टरांनी कुठेतरी वाचलंय की बापाकडून मुलाला जाणारा वाय क्रोमोसोम भावाभावांत तोच असतो, ते बरोबर आहे, आजोबांचा, काकांचा, पुतण्यांचा सगळ्यांचा तोच असतो, पण म्हणूनच त्यावरून बाप कोण आणि काका कोण हे कळत नाही, आणि बाप ठरवायला नुसता तो धरून भागत नाही. तुमचं तर त्याहून सरळ आहे. तुम्ही सून म्हणून त्या घरात आलात, तुमचं आणि त्याचं रक्ताचं काहीच नाही. टेस्ट दिली तर उत्तर काय येणार हे आपल्या सगळ्यांना आजच माहीत आहे. मग द्यायची कशाला?

एक सांगते, गंमत म्हणून नाही. डीएनए ओळखायची ही पद्धत इंग्लंडात लेस्टरच्या अॅलेक जेफ्रीज यांना सापडली १९८४ मध्ये, आणि ती पहिल्यांदा खऱ्या केसमध्ये वापरली गेली १९८५ ला, ती खुनाबिनाच्या नाही, इमिग्रेशनच्या केसमध्ये. घानाहून परत आलेल्या एका मुलाला विमानतळावर अडवलं, अधिकाऱ्यांना शंका की हा या बाईचा मुलगा नाही, तिच्या बहिणीचा असेल, भाचा. तिच्या आणि तिच्या बाकीच्या मुलांच्या डीएनएवरून निघालं की तो तिचाच. म्हणजे हे शास्त्र कोर्टकचेरीच्या कामाला लागलं तेच मुळी 'मुलगा की भाचा' या एका प्रश्नासाठी. तुमच्या घरात तोच प्रश्न आहे, फक्त उत्तर उलटं आहे. म्हणून म्हणते, याला चकवता येईल या आशेवर राहू नका, हे ज्यासाठी जन्माला आलं तेच काम तुम्ही त्याच्यापुढे ठेवताय.

नाही म्हटलं तर चालतं का? चालतं. टेस्ट ऐच्छिक असते, कोणी जबरदस्ती करत नाही, स्लिपवरही 'सुचवतो' अशाच अर्थाचं लिहिलेलं असेल, बघा. पण नातं सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच राहते, आणि ऑफिसरचं बाकीच्या कागदांवर समाधान झालेलं नाही म्हणून तर त्याने हे सुचवलं. नुसतं गप्प बसलात तर वर्षभर केस तशीच पडून राहते आणि वर्ष उलटून गेलं की बंद होते. त्यामुळे हो, टेस्ट न देणं हा पर्याय आहे आणि तुमच्या बाबतीत मला तोच बरोबर वाटतो. पण मुलाला काहीतरी थाप मारून टाळणं वेगळं आणि कारण सांगून नाही म्हणणं वेगळं.

आता 'खरी आई' या शब्दाकडे येते, कारण मला वाटतं तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेत. ऑफिसरने तुम्हाला 'तुम्ही आई आहात का' असं विचारलंच नाहीये. त्याच्या कायद्यात आई होण्याचे ठरावीक दरवाजे आहेत. जन्म दिलेला असला तर एक. सावत्र असेल तर मूल १८ चं व्हायच्या आत लग्न झालेलं हवं. दत्तक असेल तर १६ चं व्हायच्या आत कायदेशीर दत्तक झालेलं हवं आणि त्याशिवाय दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं. बस. 'रात्रभर मांडीवर घेऊन बसले', 'दहावीला त्याच्याबरोबर चारला उठले' याला तिथे दरवाजाच नाही, आणि तो ठेवायला कोणी विसरलं असंही नाही, व्हिसाचा कायदा तेवढंच बघतो. तुमच्या आईपणाचा निकाल तिथे लागणारच नव्हता कधी. तुम्ही उगाच ती टेस्ट स्वतःवर ओढवून घेताय.

पण फॉर्मचं काय झालंय ते जरा नीट समजून घ्या, कारण खरी अडचण इथे आहे. मुलाने तुमच्यासाठी एक आणि बाबांसाठी एक असे आय-१३० नावाचे दोन अर्ज भरले असणार. त्यावर तो सही करतो ती शपथेवरची सही असते, खोटं असेल तर शिक्षेला पात्र वगैरे. त्याने ती अगदी साफ मनाने केली, त्याला ठाऊक होतं तेच लिहिलं. आज तो निर्दोष आहे. पण तुम्ही दोघं जाणता, आणि इंटरव्ह्यूला तुम्हीही शपथ घेऊनच बोललात ना? इथून पुढे फाईल जितकी लांबेल, त्या फाईलीत जितके नवे कागद आणि अॅफिडेव्हिट जातील, तितकं हे प्रकरण 'चूक झाली' वरून 'लपवलं' कडे सरकत जाईल. तुम्ही लिहिता, त्याला त्रास नको म्हणून सांगत नाही. ताई, न सांगण्यात त्याचाच त्रास वाढतोय, सही त्याची आहे.

आणि त्याला माहीत नाही हे कशावरून? रागवू नका. तुम्हीच लिहिलंय की पंचवटीतला तो वाडा, खाली दीर वर तुम्ही, जिन्यात बायकांची बैठक, आणि जाऊबाईंच्या तीन मुलांपैकी एक रात्रीतून वरच्या मजल्यावर राहायला गेलं. वाड्यात सगळ्यांना माहीत होतं, सिन्नरच्या पाहुण्यांना माहीत, दूधवाल्याला माहीत असणार. ज्या घरात एवढ्या लोकांना माहीत असतं तिथे मूल पंधरा-सोळाचं होईपर्यंत कोणीतरी चुलतभाऊ भांडणात काहीतरी बोलून जातो. माझ्या पाहण्यात अशी दोन घरं आहेत. एकात मुलीला कॉलेजपासून माहीत होतं, ती आईला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, आई तिला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, अशी बावीस वर्षं. दुसऱ्यात मुलाला खरंच माहीत नव्हतं आणि तो वर्षभर अबोल झाला, हेही सांगते, सगळं गोडच होतं असं नाही. तुमचा कुठल्या गटातला हे मला माहीत नाही. पण 'दोन मिनिटांचं काम आहे' असं तो इतक्या सहज म्हणतोय त्यावरून मला वाटतं बहुतेक त्याला माहीत नसावं, आणि तसं असेल तर त्याला लॅबच्या पत्रातून कळणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तो अर्जदार आहे, रिझल्ट त्यालाही कळणार. ऑफिसात बसलेला असताना फोनवर ईमेल उघडून.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मिस्टर आणि तुम्ही. मग दीर-जाऊबाई, कारण गुपित त्यांचंही आहे आणि त्यांना न विचारता उघडायचा तुम्हाला हक्क नाही. त्यांना निर्णय विचारू नका मात्र, तुम्ही सांगणार आहात हे सांगा, फक्त कसं आणि जाऊबाई त्यावेळी असणार का एवढं विचारा. मग मुलगा. व्हिडिओ कॉलवर, तो एकटा असताना, सून आणि नात झोपल्यावर. आपल्याकडे रविवारी सकाळी आठ म्हणजे त्याच्याकडे शनिवार रात्र असते, दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्याला झोप लागली नाही तरी लगेच सकाळी मीटिंग नसते. सुरुवात फाईलीपासून करा, 'आम्हाला टेस्ट देता येणार नाही, कारण सांगते', ते सोपं पडेल, आणि रडू आलं तर येऊ द्या पण 'आम्हाला माफ कर' असं दहा वेळा म्हणत बसू नका, त्याला वाटायला लागेल की काहीतरी भयंकर केलंय. तुम्ही मूल वाढवलं. कागद केला नाही, ती चूक. तेवढीच.

त्यानंतरचा फोन वकिलाला. एजंट नाही, कन्सल्टंट नाही, 'आमच्या साडूच्या मुलीचं काम करून दिलेला' नाही, तिकडे लायसन्स असलेला इमिग्रेशनचा वकील, आणि तो मुलानेच तिकडे गाठायचा. त्याला सगळं खरं सांगायचं, जन्मदाखल्यासकट. स्लिपला काहीही उत्तर पाठवायच्या आधी. दाखल्याचं वेगळं म्हणते कारण २००७ ला एवढ्या उशिराची जन्मनोंद करायला मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागायची आणि त्यासाठी मिस्टरांनी काहीतरी अॅफिडेव्हिट केलेलं असणार. त्यात काय लिहिलंय ते शोधा आणि इथल्याही एका चांगल्या वकिलाला दाखवा. घाबरवत नाहीये, पण दोन देशांत दोन वेगळी विधानं असायला नकोत.

वकील तुम्हाला बहुधा दोन-तीन रस्ते सांगेल. एक म्हणजे दत्तक खरंच झालं होतं का हे तपासणं. तुम्ही म्हणता कागद नाही म्हणजे दत्तक नाही, पण आपल्या १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात महत्त्वाचं काय आहे तर देणं आणि घेणं, दत्तक देण्याच्या हेतूने मूल प्रत्यक्ष एका घरातून दुसऱ्या घरात सोपवणं. दत्तहोम, म्हणजे दत्तक घेतानाचा होम, झालाच पाहिजे असं नाही, रजिस्टर केलेला दस्त असला तर कोर्ट दत्तक झालं असं धरून चालतं, नसला तर सिद्ध करायची मेहनत तुमची. सव्वा महिन्याचं मूल चार माणसांसमोर ओटीत घातलं असं तुम्ही लिहिलंय. चार माणसं कोण, कोणी हयात आहे का, त्या दिवसाचा एखादा फोटो? शाळेच्या पहिल्या दाखल्यावर बापाचं नाव कुणाचं? रेशनकार्डावर तो कुठल्या घरात? अमेरिकेला हे एवढ्याने पटेल का हे मी सांगू शकत नाही, अवघड आहे, आणि आधीच्या कागदांत 'पोटचा' म्हणून गेलंय ते निस्तरावं लागेल ते वेगळंच. पण विचारायला काय हरकत आहे.

याच्याशी लागून एक गोष्ट आहे, नाशिकचीच. रामकुंडावरचे उपाध्ये त्यांच्या वह्यांत घराण्यांची नावं लिहून ठेवतात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या सासऱ्यांच्या अस्थी १९९६ ला तिथेच दिल्या असं पत्रात आहे, तेव्हा गुरुजींनी मुलं-सुना-नातवंडं विचारून लिहिली असणार. आमच्या आजोबांच्या वेळी मी गेले होते, लाल फडक्यात बांधलेली लांबट वही, गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, दहा मिनिटांत पान काढलं, आणि त्यात माझ्या एका चुलतआजोबांच्या नावापुढे बारीक अक्षरात 'द.', म्हणजे दत्तक, असं लिहिलेलं. घरात कोणी बोललं नव्हतं कधी, वहीने सांगितलं. तुमच्या पानावर तुमच्या मुलाचं नाव कोणाच्या नावाखाली आहे, एकदा बघून या. दूतावासात त्याचं वजन किती हा वकिलाचा विषय, पण मला वाटतं मुलाला सांगताना तुमच्या हाताशी ते पान असावं, फोटो काढू दिला तर काढा.

दुसरा रस्ता, दत्तक उभं राहत नसेल तर अर्ज मागे घेणं. मुलगा मागे घेऊ शकतो. रिझल्ट येऊन नाकारलं जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण कोणत्या शब्दांत मागे घ्यायचा ते वकिलानेच लिहावं.

आणि इथे एक टोचणारी गोष्ट आहे, ती मी गाळली तर तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगेल. दत्तक कायदेशीर नसेल तर त्या कायद्याच्या नजरेत तो आजही जाऊबाईंचा मुलगा आहे आणि तो त्यांच्यासाठी अर्ज करू शकतो. दत्तक मानलं गेलं तर उलट, मग जन्म देणाऱ्यांना त्या नात्याचा फायदा मिळत नाही. म्हणजे एकाच मुलाच्या दोन आया फॉर्मवर एकाच वेळी मावत नाहीत. हे दिराच्या मोठ्या मुलाच्या डोक्यात आज ना उद्या येणार, तेव्हा घरात बोलताना याची तयारी ठेवा. जाऊबाईंना जायचंय का हे कोणी विचारलंय का, तेही बघा.

तिसरं, तुम्हाला तिकडे कायमचं राहायचंय का? मी विचारतेय कारण चार पानांत त्याबद्दल एकच वाक्य आहे, 'थंडी सोसत नाही पण नातीसाठी'. मिस्टरांची गंगापूर रोडची सकाळची चाल, तुमचं भजनी मंडळ, हे सोडून तिकडे बर्फात खिडकीशी बसायचं हे तुमचं ठरलंय की मुलाने फाईल टाकली म्हणून ठरलं? बायोमेट्रिक, मेडिकल, इंटरव्ह्यू या रांगेत एकदा शिरलं की माणूस विसरतो आपण कशासाठी उभे आहोत. व्हिजिटर व्हिसावर साधारण एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. मात्र सोपं नाही, त्याच्या फॉर्मवर तुमच्यासाठी इमिग्रेशनचा अर्ज कधी केला होता का असा प्रश्न असतो, तिथे 'हो' लिहायचं, आणि मुलाचं नातं विचारलं की काय लिहायचं ते वकिलाला विचारून, एकदा काय ते ठरवून, पुढे कायम तेच लिहायचं. आणि तिकडून तो येऊ शकतो ना. नातीला उन्हाळ्याची दोन महिने सुट्टी असते.

बाकीच्यांसाठी थोडंसं, कारण टेस्टबद्दलची पत्रं महिन्याला एक-दोन येतातच आणि बहुतेक घरांत ताईंसारखं काही नसतं, नुसता कागदांचा घोळ असतो. दाखल्यावर 'सुमन', पासपोर्टवर 'सुमनबाई', आधारवर माहेरचं आडनाव. मूल तुमचंच आहे आणि कागद गचाळ आहेत, तर ही टेस्ट तुमची मैत्रीण आहे, बिनधास्त द्या. खर्च तुमचा, टेस्ट दिली म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही, फक्त नात्याची शंका मिटते. ऑफिसरने सुचवायच्या आधी स्वतःहून करून फाईलला जोडू नका, आणि ऑनलाइन मागवून घरी थुंकी भरून पाठवायची ती पूर्वजांची किटं इथे चालत नाहीत, त्यात सॅम्पल कोणाचं याचा पुरावाच नसतो. आईबाप आणि मूल यांचं उत्तर स्वच्छ येतं. भाऊ-बहीण, आजी-नातू यांचं बऱ्याचदा 'शक्यता आहे' अशा भाषेत येतं, म्हणून भावाने बहिणीसाठी टाकलेल्या फाईलीत आईवडील हयात असतील तर त्यांचं सॅम्पल घेता येईल का हे लॅबला आधी विचारा. कोणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर तेही लॅबला सांगा, दात्याचा डीएनए मध्ये येऊन रिझल्ट बिघडू शकतो. जन्म १९७० च्या आधीचा असेल आणि नोंदच नसेल तर घाबरू नका, जन्ममृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा, महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची अॅफिडेव्हिट, हा नेहमीचा मार्ग आहे.

कॅनडावाल्यांना तिकडच्या स्टँडर्ड्स कौन्सिलची मान्यता असलेली लॅब लागते आणि तिथे आकडा ९९.८ टक्के. ब्रिटनमध्ये टेस्ट सक्तीची करताच येत नाही, तरीही तिथल्या गृहखात्याने काही लोकांकडून ती मागितली होती आणि २०१८ ला गृहमंत्री साजिद जाविद यांना त्याबद्दल संसदेत माफी मागावी लागली. तेव्हा तिकडून कोणी 'टेस्ट द्यावीच लागेल' म्हणालं तर ते लेखी मागा.

आणि ज्यांच्या घरात ताईंसारखं आहे त्यांनी परदेशाची फाईल टाकायच्या आधी, टाकल्यानंतर नाही, घरात बोला. मूल अजून पंधराच्या आतलं असेल तर वकिलाकडे जाऊन दत्तकाचा दस्त रजिस्टर करून घ्या, या महिन्यात. मुलाच्या शाळेच्या अॅडमिशनपासून विम्यापर्यंत सगळीकडे कामाला येतो.

ताई, तुम्ही विचारलंत की जाऊबाई कॉलच्या वेळी शेजारी बसल्या तर बरं की नको. मला वाटतं बसू दे, पण पहिलं वाक्य तुमचं असू दे. आणि त्याआधी रामकुंडावर जाऊन यायचं असेल तर सकाळी सातच्या आत जा, आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, नुसत्या आडनावावर गुरुजी सापडायला अर्धा दिवस जातो, आणि नंतर मालेगाव स्टँडच्या पुढे गाडी लावायला जागा मिळत नाही.